काजव्यांची बरणी

प्रिय कोरीन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील. चार मैलांवर राहणारा बाप फोन करायचा सोडून तिकीट लावून पत्र पाठवतो, म्हणजे एकतर त्याचं डोकं फिरलं असावं, नाहीतर फोनवर आपला आवाज टिकेल याचा त्याला भरवसा नसावा. दुसरं खरं आहे. रविवारनंतर मी तुला फोन केला होता, आठवतं ना? टोमॅटोच्या रोपांबद्दल काहीबाही बोललो आणि ठेवून दिला. रोपं चांगली आहेत. बोलायचं होतं ते डेलाबद्दल.

मी घाबरलो आहे, पोरी. एक भीती डेलासाठी आहे. दुसरी माझ्या स्वतःसाठी, आणि ही दुसरी पहिलीला तोंड उघडू देत नाही. ईस्टरच्या जेवणात तू म्हणाली होतीस, "बाबा, शाळेचा विषय परत काढलात तर डेलाचे रविवार बंद." तू बोलतेस ते करतेस, अगदी तुझ्या आईसारखी. माझी आर्डिस गेल्यापासून माझ्या आठवड्याला एकच वार उरला आहे, तो म्हणजे रविवार. म्हणून आधीच सांगतो. या पत्रात शाळा येईल, पण डेलाला शाळेत घाल असं मी कुठेही म्हणणार नाही. मध्येच फाडावंसं वाटलं तर दम धर, शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

त्या ईस्टरचंच बघ. तुझ्या आईच्या पद्धतीप्रमाणे पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या होत्या. तुझ्या भावाची, रसेलची बायको पॉलेट आपल्या मुलांच्या खासगी शाळेचं कौतुक सांगत होती. तिथे लॅटिन आहे, घोडेस्वारी आहे, वर्गात मोजकी मुलं. त्यावर तुझ्या ड्वाइटने विचारलं, घोड्यांना लॅटिन कितपत येतं? मला हसू आवरेना. पॉलेट मात्र चिडली आणि म्हणाली, घरी शिकलेल्या मुलांना चार माणसांत वावरता येत नाही. नेमकी तेव्हाच डेला रश्श्याचं भांडं घेऊन उठली, कपाटाच्या कोपऱ्याला धडकली आणि सगळा रस्सा पॉलेटच्या पांढऱ्या झग्यावर. रसेल म्हणाला, "घ्या, वावरायचंच तर शिकायचंय." तू लालबुंद झालीस. आणि मी मूर्ख, गप्प बसायचं सोडून बोललो की माझ्या पिवळ्या बसमध्ये महिनाभर धक्के खाल्ले असते तर पोरगी सरळ चालायला शिकली असती. तीस वर्षं सरकारी शाळेची बस चालवली की माणसाला वाटू लागतं, सगळ्या दुखण्यांवर औषध म्हणजे ती बस. तुला राग आला ते बरोबरच होतं. पण आता मला तो राग आठवत नाही. आठवतो तो कपाटाचा कोपरा. मेणबत्त्यांच्या उजेडात आपल्या सगळ्यांना तो दिसत होता.

तुझी घरची शाळा मला आवडत नाही असं तुला वाटतं. खोटं आहे ते. मंगळवारी अंडी द्यायला येतो तेव्हा मी दारात मुद्दाम रेंगाळतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर पाव कापून तू तिला अपूर्णांक शिकवतेस. नदीला पाणी किती चढलं ते ती रोज कागदावर रेघ मारून दाखवते. विजेच्या तारांच्या कामावरून परतलेला ड्वाइट हातही न धुता तिला सांगतो की वीज कुठून येते आणि कुठे जाते. रसेलच्या पोरांना ते लॅटिनमध्ये सांगता येईल, पण कळलेलं असेल की नाही, देव जाणे. आणि माझ्या बसमधल्या पोरांनाही मी आरशात वर्षानुवर्षं पाहिलंय. मागच्या बाकावर कोण कोणाचा डबा हिसकावतं आणि कोण सबंध रस्ताभर खिडकीला कपाळ टेकून रडतं, ते शाळेच्या कोणत्याच शिक्षकाला ठाऊक नव्हतं. मला होतं. प्रत्येक शाळेला काहीतरी दिसत नाही. एवढंच मी शिकलो.

आणि डेलाच्या कविता! माझ्या चौथीच्या जुन्या वाचनपुस्तकातली नावाड्याची कविता मी तिला दिली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता सबंध पुस्तक तिच्या ओठांवर आहे. दर रविवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात बसायचो. मी झोपाळ्यावर, ती पायरीवर, मांडीवर पुस्तक. ऊन नदीपलीकडच्या टेकडीमागे जायचं आणि ती वाचत राहायची:

सांज उतरली पाण्यावरती, नावाड्या, दे हाक,
ओळखीचा स्वर कानी येता कसला रे मग धाक?

मी डोळे मिटून ऐकायचो. वाटायचं, एल्मर परत आला.

एल्मरकाका तुला आठवतो तो काळ्या कोटातला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला खुर्चीत ताठ बसून कविता म्हणणारा आंधळा म्हातारा. त्याचे डोळे गेले असं आम्ही म्हणायचो, दात गेले म्हणावं तसं. ते जायला कधी लागले, हे तुम्ही मुलांनी कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगायला बसलो नाही. ज्यांनी ती सुरुवात पाहिली त्यांच्यातला आता मी एकटा उरलोय. ते पुढे सांगतो. आधी रविवार.

तू डेलाला माझ्याकडे सोडून गेलीस तेव्हा ऊन होतं. संध्याकाळी ती नेहमीसारखी पुस्तक घेऊन बसली. मला लहर आली. गावच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली त्यातलं एक मी आणलं होतं, तिने कधी न पाहिलेलं. म्हटलं, आज हे वाच. तिने पान उघडलं. मग म्हणाली, जुनीच म्हणू का? मी म्हटलं, नावाडी आता थकला, त्याला सुट्टी दे. तर ती पान उलटून नावाड्याचीच कविता म्हणू लागली. मी वाकून पाहिलं, कोरीन. नवं पुस्तक तिच्या मांडीवर उलटं होतं.

मला वाटलं, थट्टा करतेय. तेवढ्यात शेजारच्या बेकरांची मुलं बरण्या घेऊन काजवे धरायला कुंपणापाशी आली. त्यांनी डेलालाही हाक मारली, एक बरणी दिली. ती पायऱ्यांच्या कठड्यावरून हात फिरवत खाली गेली आणि गवतात उभी राहिली. मुलं ओरडायची, तो बघ, तो बघ, आणि ती काजव्यांकडे नाही, आवाजाकडे तोंड वळवायची. सगळं अंगण लुकलुकत होतं. थोड्या वेळाने बरणीच्या तोंडावर तळहात ठेवून ती परत आली आणि म्हणाली, आजोबा, बघा, माझ्याकडे तीन आहेत.

बरणी रिकामी होती.

मी म्हटलं, सुंदर आहेत. पण माझ्या आवाजातलं काहीतरी तिने ओळखलं असावं, कारण ती माझ्याजवळ झोपाळ्यावर येऊन बसली आणि कितीतरी वेळ बरणी गच्च धरून राहिली. मग जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहितो.

"त्या दिवशी कपाटात बाकीच्यांना दाराखालचा उजेड दिसत होता, आजोबा. मला दिसत नव्हता."

ते कपाट तुला मी सांगायला नको. बालवाडीतली कवायत. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर मुलांनी कुठे लपायचं त्याची. कोट टांगायच्या कपाटात सगळ्यांना कोंबून दिवे घालवले आणि बाईंनी सांगितलं, बाहेर अस्वल आहे, अजिबात आवाज करायचा नाही. आपली डेला किंचाळली. बाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला आणि बाहेर आल्यावर एका पोराने सांगितलं, खरं अस्वल असतं तर तुझ्यामुळे आम्ही सगळे मेलो असतो. घरी येऊन तिने तुला विचारलं होतं की आपल्या घरात लपायचं कपाट कोणतं. दुसऱ्या दिवसापासून तू तिला शाळेत धाडलं नाहीस. मी तेव्हा कुरकुरलो, पण मनात म्हणालो, माझी मुलगी वाघीण आहे.

त्यानंतर संध्याकाळ झाली की ती तुझा हात सोडत नाही, एकटी अंगणात जात नाही, दिवे लावा दिवे लावा करते. आपण सगळ्यांनी एकच म्हटलं, ते कपाट तिच्या मनात बसलंय. कोणीही तेच म्हटलं असतं. या देशात पाच वर्षांचं पोर अंधारात किंचाळलं तर त्याला दिसत नसेल, हे कोणाच्या मनात येईल? आपल्याकडे भीतीला कारण आधीच तयार असतं.

एल्मरला आठव्या वर्षी असंच सुरू झालं. शेतावरून परतताना तो माझी बाही धरायचा. मी लहान, मला वाटायचं थोरला भाऊ लाड करतोय. दिवसा तो डोंगरावरची ससाण्याची जात ओळखायचा, आणि दिवेलागणीला दारातल्या कुत्र्यावर पाय द्यायचा. नाताळच्या नाटकात दिवे मंद केले तेव्हा तो रंगमंचावरून खाली पडला. मिस पर्सेल नावाच्या बाई होत्या, त्यांना शंका आली. त्यांनी आमच्या वडिलांना बोलावून सांगितलं. वडील म्हणाले, पोरगं धांदरट आहे. शाळेला दिसलं, घराला पटलं नाही. पुढे दिवसाही त्याला नळीतून बघावं तसं समोरचंच तेवढं दिसू लागलं, कडा गेल्या, आणि तिशीत तेही गेलं. तो वाचनपुस्तकं पाठ का करत होता ते मला फार उशिरा कळलं. दिवस होता तोवर तो साठवून ठेवत होता.

म्हणून सांगतो, शाळेत असती तर हे कळलं असतं असं समजून स्वतःला जाळू नकोस. नर्सबाई भरदिवसा भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतात. डेलाने तो घडाघडा वाचला असता. रसेलच्या पोरांच्या शाळेतही वाचला असता. संध्याकाळ कुठल्याच शाळेच्या वेळापत्रकात नसते. तेव्हा पोर घरीच असतं.

माझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टरांना मी काल एल्मरची गोष्ट सांगितली आणि मग डेलाची. ते हसले नाहीत. हसावेत असं मला फार वाटत होतं. म्हणाले, कदाचित साधंच काही असेल, पण रक्तातलं असेल तर त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. काहींवर आता इलाज निघालेत, बऱ्याच प्रकारांवर अजून नाहीत. कोणता ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि थांबण्यात काही शहाणपण नाही. मी वेळ ठरवलेली नाही. आई तू आहेस. त्यांचा नंबर पाकिटात घातलाय.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. झोपाळ्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, "आईला सांगू नका. मी घरी नीट शिकत नाही असं वाटलं तर मला परत त्या कपाटात पाठवतील." तुझी शाळा वाचावी म्हणून ती नऊ वर्षांची पोर तुझ्यापासून आपला अंधार लपवते आहे, कोरीन. रिकाम्या बरणीत तीन काजवे धरते आहे. आणि मी शब्द दिला. तिला दिलेला पहिला शब्द मी या पानावर मोडतो आहे. आजोबांनी चुगली केली असं तिला खुशाल सांग. ती रागावली, तूही रागावलीस आणि रविवार बंद झाले, तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन. मात्र डॉक्टरांचं नाव काढण्याआधी तिला एवढं सांग की कपाटात तिला कोणीही पाठवणार नाही, डोळ्यांचं काहीही निघालं तरी नाही. आणि आज संध्याकाळी ती अंगणात थबकलेली दिसली तर धावत जाऊन तिचा हात धरू नकोस. कठड्यापाशी उभी राहा आणि हाक मार.

तुझाच,
अजूनही आरशात मागच्या बाकांकडे बघणारा,
बाबा