अंतिम प्रदर्शन

१ फेब्रुवारी, रविवार
‘कुंचला आणि कोयता’ या माझ्या ई-मेल वार्तापत्राचा चौदावा अंक सकाळी पाठवला. सभासद एकशे त्र्याऐंशी. उघडणारे नऊ. त्यात मी दोन, एकदा फोनवरून, एकदा लॅपटॉपवरून.
स्टुलाला लाथ घातली. स्टूल लोखंडी आहे हे रागात लक्षात राहत नाही. अंगठ्याचं नख काळंनिळं.
या रसिकांचे पत्ते मी नाताळच्या मेळ्यात लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतले होते. बक्षीस मिक्सर. तो अजून द्यायचाय. त्याबद्दल दोघांनी शिव्या पाठवल्यात. म्हणजे संवाद आहे.

३ फेब्रुवारी
अश्लेषा शांतपणे बोलली. बायको शांतपणे बोलली की समजायचं. या महिन्यात प्रदर्शन झालं नाही तर रंग माळ्यावर, आणि मी तिच्या भावाच्या, म्हणजे जितेंद्रच्या, नालासोपाऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात. मी! ‘घाव’ मालिकेचा जनक! घड उतरवल्यावर केळ कोयत्याने तोडतात, तो क्षण, बारा कॅनव्हास. मी वाढदिवसाचे फ्लेक्स छापू? म्हटलं, त्यापेक्षा हात कापून घेईन. ती म्हणाली, आधी कांदा काप.

६ फेब्रुवारी
गिरीज गावात स्टॅनीकडे गेलो. ‘घाव’मधल्या केळी त्याच्याच वाडीतल्या. शेजारी त्याचा लग्नाचा हॉल. अठरापासून ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ, चर्चमध्ये लग्नं नाहीत, हॉल रिकामा. म्हणाला, देतो रे बाबा, पण माणसं येणार का? सोफासेलवाला मागे लागलाय. तुझा एक अंक शंभर जणांनी उघडलेला दाखव, बावीसचा रविवार तुझा.
तू तरी वाचतोस ना, विचारलं. म्हणाला, ते कुठेतरी प्रमोशनमध्ये जातं.
माझं डोकं फिरलं. कॉलर धरली. त्याने मला काखेत हात घालून उचललं आणि केळीच्या आळ्यात टाकलं. नुकतंच पाणी सोडलेलं होतं. चिखलातूनच अट मान्य केली.

८ फेब्रुवारी
एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. विषयाची ओळ वाचकाच्या मानगुटीवर बसली पाहिजे म्हणे. मी आजवर ‘जानेवारी अंक’, ‘फेब्रुवारी अंक’ असं लिहीत होतो. माझा सभ्यपणा नडला. आता दयामाया नाही.

१० फेब्रुवारी
विषय: ‘तुमचं घर मला माहीत आहे.’ आत: ‘आणि तिथल्या रिकाम्या भिंतीवर कोणतं चित्र शोभेल तेही.’
उघडणारे एकेचाळीस!!

११ फेब्रुवारी, सकाळी ८
बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे पीटर अंकल, वय बहात्तर. दार उघडताच एक कानाखाली. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणेपर्यंत दुसरी. मागे त्यांचा जावई नेल्सन, हातात क्रिकेटची बॅट. त्यांना धमकी वाटली होती. आतला मजकूर वाचलात का, विचारलं. नव्हता वाचला.
शोध: लोक उघडतात, वाचत नाहीत. याचा पुढे उपयोग होईल. डाव्या कानात शिट्टी वाजतेय.

१६ फेब्रुवारी
अश्लेषा पुण्याला, बँकेचं आठवड्याचं ट्रेनिंग. शिट्टी चालू. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत कोणाचा मार खाऊ नकोस. मार खायला मी काय कच्चा आहे? दोन्ही वेळा बेसावध होतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी १०
तज्ज्ञ म्हणतो, शेवटची संधी म्हटलं की लोकांचं बोट आपोआप दाबतं. विषय लिहिला: ‘कौस्तुभ तळवडेकर : अंतिम प्रदर्शन, उद्या ११ वा.’ फोनवर ओळ एका अक्षराने तुटत होती. आडनाव कापणार नाही, ते आजोबांचं आहे. वेळ कापता येत नाही. ‘प्र’ उडवला. एका अक्षराने काय फरक पडतो!
आत पहिलं वाक्य: ‘ज्यांनी मला आजवर भेट दिली नाही, त्यांनी निदान उद्या तरी यावं.’ खाली स्टॅनीच्या हॉलचा पत्ता. पाठवला.

दुपारी ३
एकशे सदुसष्ट! लॅपटॉप डोक्यावर घेऊन नाचलो. तो कपाटावर आदळला, कोपरा फुटला. फुटू दे, च्यायला. प्रीतल नावाच्या वाचिकेने उत्तरात नुसतं ‘आर.आय.पी.’ लिहिलंय. रिअली इम्प्रेसिव्ह पेंटिंग, दुसरं काय?
फोन थांबत नाहीये. उचलत नाही. सहज मिळणाऱ्या कलावंताला किंमत नसते. अश्लेषाचेच बावीस. अभिनंदन समोरासमोर स्वीकारीन. स्टॅनीला आकड्याचा फोटो पाठवला. गाढवाने मेल अजून उघडलेला नाही, पण किल्ली दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार, डाव्या हाताने
पावणेअकरालाच गर्दी. कोणी काळ्यात, कोणी पांढऱ्यात. वाटलं, कलेचा मान राखतायत. हातात मेणबत्त्या, पुष्पचक्रं. मी दारात हात जोडून उभा राहिलो आणि म्हटलं, या, या, तुमचीच वाट बघत होतो.
पीटर अंकलच्या मिसेस, कॅथरीन आंटी, किंचाळून आडव्या झाल्या. अंकलनी पुष्पचक्र फेकून मारलं. आत तार असते. कपाळ फाटलं. नेल्सन धावून आला. मी ‘घाव क्रमांक सात’ त्याच्या खांद्यावर मोडलं. त्याने माझ्या तोंडावर बुक्की ठेवली, दात हलला. मग सगळेच तुटून पडले. मागून कोणीतरी ओरडत होतं, मेला नाहीये तर मिक्सर दे! बाराच्या बारा चित्रं फाटली. क्रमांक पाचमधून एकाचा पाय आरपार गेला. स्टॅनीने मला बाहेर ओढून पुन्हा त्याच आळ्यात फेकलं. आज पाणी सोडलेलं नव्हतं. उजवं मनगट मोडलं.
रात्रभर घाटात अडकून अश्लेषा पुण्याहून टॅक्सीने आली. डोळे सुजलेले. मला घट्ट धरलं आणि रडली. मलाही रडू आलं. मग तिने डाव्या कानाखाली वाजवली. शिट्टी थांबली.

२४ फेब्रुवारी
सर्वांना खुलासा पाठवला. विषय: ‘मी जिवंत आहे.’
उघडणारे तीन. माझा फोन, माझा लॅपटॉप आणि जितेंद्र. त्याचं उत्तर: प्लास्टर असलं तरी चालेल, उद्या दहाला ये. येताना गिरीजच्या नाक्यावरचा तुझा फ्लेक्स उतरवून आण.

२५ फेब्रुवारी
रंग सकाळी माळ्यावर ठेवले.
फ्लेक्स जितेंद्रने शनिवारीच घाईघाईत छापून लावला होता. आठ बाय चार. माझा लग्नातला फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत, ‘सुप्रसिद्ध चित्रकार’. मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. नाक्यावरच्या भाजीवालीने शिडी धरली. डाव्या हाताने गाठी सोडवल्या. खालची पट्टी कटरने कापली आणि घडी करून खिशात घातली.
दुकानात जितेंद्रने विचारलं, खालून तोकडा कसा झाला? म्हटलं, वाऱ्याने फाटला.