एका डोळ्याचा पिवळा, दुसऱ्याचा पांढरा

मी, श्रीकृष्ण पांडुरंग लघाटे, वय एकोणसत्तर, राहणार नंदानगर, इंदूर, कापड मिलच्या रंगखात्यात मालाचा रंग पास-नापास करणारा आणि मिलच बंद पडल्याने घरी बसलेला इसम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांबद्दल खाली खुलासा केला आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी अंबिका हिची, तिच्यामागे मुलगा नीरज याची. यात कोणी वाद घालू नये.

२. माझे शेड कार्ड, म्हणजे दोनशे रंगांचे कापडी तुकडे चिकटवलेली वही, रंगारी गजानन ढोबळे यांना द्यावे. मिल बंद होण्याच्या आदल्या वर्षी त्यांचा निळा माल मी हिरवट म्हणून नापास केला. ते म्हणाले होते, "लघाटेजी, एकदा कार्ड तो खोला." मी खोललं नाही. माझी नजर म्हणजेच कार्ड, असा माझा तोरा होता. सगळा माल त्यांना पुन्हा रंगवावा लागला.

३. ९९च्या दिवाळीत नीरजने सपाट काचेचा टीव्ही आणला. आमचा फुगीर काचेचा जुना टीव्ही चालू असताना दुप्पट किंमत कशाला, म्हणून मी आधीच चिडलेलो. कार्ड न उघडताच पाहुण्यांसमोर बोललो, "सफेद पिवळा पडतोय. दुकानदाराने तुला उल्लू बनवलं." नीरज म्हणाला, "बाबा, तुम्हाला टीव्ही नाही, गलती बघायची असते." टीव्ही उचलून तो अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरी गेला. तेव्हापासून इथे आलेला नाही. मला त्याची फार आठवण येते.

४. यंदा जानेवारीत उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तेव्हा दवाखान्याची चादर पांढरीशुभ्र दिसली. डाव्या डोळ्याने पाहिली तर तीच चादर चहाच्या पाण्यातून काढलेली. डावा डोळा मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, ताडून पाहायला. मग कार्ड घेऊन तीन दिवस पलासिया भागातल्या टीव्हीच्या शोरूममध्ये गेलो आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून प्रत्येक पडदा पाहिला. विक्रेता म्हणाला, "अंकलजी, टीव्ही देख रहे हो या आँख मार रहे हो?"

निष्कर्ष असा. भिंतीएवढा पडदा घेऊ नये. जरा बाजूला सरकलं की चित्र मंदावतं. दुसरं, बंद पडदा जेवढा काळा, त्याहून काळा रंग तो चालू असताना दाखवू शकत नाही. आमचा जुना बंद असताना राखाडी दिसतो, सपाट काचेचा नवा बराच काळा.

घरी येऊन अंबिकेच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पाहिलं. तिथून दुपारी फुगीर काचेत चित्राऐवजी नुसतं खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. बारा वर्षं ती खिडकी बघत होती. विचारलं तर म्हणाली, "आवाज तर येतो ना."

नवा पडदा त्याच्या किमतीचा आहे. नीरज बरोबर होता.

५. अंबिकेसाठी सपाट काचेचा टीव्ही घ्यावा, नीरजने निवडावा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं हे मला ठाऊक आहे. हे कलम मात्र येत्या रविवारी लागू होईल. नीरज, जेवायला ये. माफी मला समोर बसून मागायची आहे.

वाचून, दोन्ही डोळ्यांनी तपासून सही केली.

श्रीकृष्ण पांडुरंग लघाटे
इंदूर, बुधवार, १४ मार्च २००१

साक्षीदार:
१. अरविंद कृष्णराव दिघे, शेजारी
२. गजानन ढोबळे. (कार्ड आजच उघडून त्या मालाचा जपलेला तुकडा ताडून पाहिला. निळा बरोबर होता. लघाटेजींनीही पाहिला.)