बोडका शेवगा

बारामती, बुधवार

सुयशच्या बाबांना तुळसाचा जय भीम.

अंथुर्ण्याहून एसटीत दिलेली शेवग्याच्या पाल्याची पूड मिळाली. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिती.

सुयश आन सूनबाई काही कमी पडू देत न्हाईत. नात दिशा रोज सकाळी गच्चीवर चालायला नेती, श्वासाचे व्यायाम करून घेती. चार पावलं जास्त चालले की टाळ्या वाजवती. जेवण अळणी असतंय, पण झाली सवय. तुमी वेळेवर जेवता का? शेळी व्याली का?

आता लगेच चिडू नका. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसवर असलेल्या माणसाला शेवगा चालत न्हाय, उलट त्रास होतो. तुमी किती आशेनं कुटताय ते सुयशला ठाऊक हाय, म्हणून त्याची जीभ रेटंना. मी पूड खात न्हाय. नुसता डबा उघडून वास घेती आन आपल्या अंगणात जाऊन येती.

मशीनवरनं उठले की अंगात काही राहत न्हाय. ह्या किडन्या आता पाल्यानं सुधारायच्या न्हाईत आन व्यायामानंबी न्हाईत. दिशाला हे बोलू नका. तिला वाटतंय, आजी बरी होतीय.

भावजी सांगत होते, झाड पार बोडकं केलंय तुमी. आता पाला तोडू नका. शेंगा येऊ द्या त्याला. आन एकट्यापुरती आमटी करायला शिकून घ्या.

तुळसा