लाडू आणि गोळी

२ डिसेंबर
आली विहीणबाई! फर्दापूरहून पहिल्याच एसटीने. नातवाला मांडीवर घेऊन तासभर बसली आणि निघताना माझ्या हातात डबा – घरच्या बाभळीचा डिंक, कुटून. "रोज चमचाभर द्या पोरीला, ईनबाई. टाके लवकर भरत्यात." म्हणजे माझ्या लाडवांत डिंक नाही की काय? प्रेरणाच्या लग्नात भर पंगतीत हीच मालनबाई ओरडली होती – "वरणात पाणीच लई!" दोन वर्षं झाली, अजून कानात आहे. ती गेल्यावर भुकटी घंटागाडीत रिकामी केली. बरं वाटलं.

३ डिसेंबर
प्रेरणाची सिझरनंतरची अँटिबायोटिक गोळी रिकाम्या पोटी देत नाही. आधी माझा डिंकाचा लाडू, लगेच गोळी. सकाळ-संध्याकाळ.

७ डिसेंबर
टाक्यांतून पू. ताप. बाळाला पाजतानाही कण्हते पोर. माझा जीव थाऱ्यावर नाही.

८ डिसेंबर
दवाखाना. प्रेरणा आत ड्रेसिंगला, बाहेर मी आणि जावई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळीबरोबर काय देता? डिंक वगैरे? "डिंक वाईट नाही, पण त्याच्यासोबत ही गोळी अंगात नीट उतरत नाही. चार तासांचं तरी अंतर हवं."
सुदर्शन ताडकन म्हणाला, "आईनं भुकटी दिली होती!" मी बोलायला तोंड उघडलं – आणि मिटलं. त्याने तिथूनच फोन लावला. "तुझ्यामुळं टाके पिकले तिचे. बारशाला येऊच नको!" पलीकडचं रडणं मला ऐकू आलं. इथे कशाला खोटं लिहू? गोड लागलं. भोग म्हणावं आता!

९ डिसेंबर
आजपासून लाडू दुपारी तीनला. कुणाला काही बोलले नाही.

१२ डिसेंबर
ताप उतरला, टाके सुकताहेत. उद्या बारसं! आमच्या गारखेड्यातल्या सगळ्या बायका विचारतील, विहीणबाई कुठे? सांगेन ना, अगदी सावकाश सांगेन.
सासू बारशाला का नाही, ते प्रेरणाला आज सुदर्शनकडून कळलं. मग तिने विचारलं, "आई, लाडवाची वेळ का बदललीस गं?" म्हटलं, असंच.

१३ डिसेंबर
पाळणा सजवून झाला होता. प्रेरणाने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि सुदर्शनला गाडी काढायला सांगितली. "भुकटी मी कधी खाल्लीच नाही, आई. लाडूच खाल्ले." एवढंच बोलली.
बारसं फर्दापूरला झालं. नाव काय ठेवलं, मला अजून कुणी कळवलेलं नाही.