रुईवरच्या पट्टेवाल्या अळ्या

शनिवार, पेण

शेजारच्या सुमननं मारुतीच्या माळेला माझ्या रुईची पानं नेली आणि अळ्या चपलेनं चिरडल्या. म्हणे, "घाण हाय गो, खाज सुटेल!"

मी रोज बघत होते त्यांना. नारिंगी फुलपाखरं झाली असती. रुई खाऊन कडू होतात, म्हणून पट्टे दाखवत उघड्यावर बसतात, पाखरंसुद्धा शिवत नायत. कढीपत्त्यावरची काळ्या फुलपाखराची अळी मात्र कावळ्यानं शिटल्यासारखी दिसते, तशीच लपते. तीही सुमननं नेलेल्या कढीपत्त्याच्या जुडीतून गेली, हिला दिसलीच नाय. पडली असेल फोडणीत.

चपलेनं! काय बिघडवलेलं त्यांनी?

आता देवळात गेले, तर मारुतीच्या गळ्यात एक पट्टेवाली आरामात माळ खात होती. देवाला चालली, सुमनला नाय. पानासकट घेऊन आले. आता येऊ दे तिला पानं मागायला.