न वाचता केलेली सही

मी, डॉ. कडूबाई आबासाहेब अनारसे, वय ६८, निवृत्त प्राध्यापक, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. तो मी एकदाच चालू दिला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. पूर्व आशियाचे राजकीय अर्थशास्त्र मी पस्तीस वर्षे शिकवले. कोरिया आणि तैवानमधल्या कुळांना जमीन कशी मिळाली, यावर माझा साडेतीनशे पानांचा प्रबंध आहे. पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत. प्रबंधाची माझी प्रत मात्र निकिताला, म्हणजे माझा धाकटा भाऊ सूर्यभान याच्या मुलीला द्यावी. त्यात कुटुंबांचे आकडे आहेत. मुलींच्या वाट्याला काय आले, हे मी कोणाला विचारलेच नाही. याची मला लाज वाटते.

२. कर्जतच्या वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा नाही. वडील गेल्यावर, १९९६ साली, मी परिषदेसाठी कोरियात सोलला निघाले त्याच दिवशी सूर्यभानने मला कचेरीत नेले. "अक्का, हितं सही कर. तू इमानात फिरती, तुला वावर कशाला?" बहिणीने हक्कसोड करायची आणि भावाने साडीचोळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. मी कागद न वाचता सही केली, हिरवी साडी घेतली आणि विमानात जमीनसुधारणेवरचे भाषण तपासत बसले! राग सूर्यभानवर आहेच, पण त्याहून जास्त स्वतःवर आहे. साडी कधी नेसले नाही. ती आजच त्याला परत देत आहे.

३. निकिताचे लग्न मे महिन्यात आहे. त्याआधी तिच्याकडूनही तशीच सही घ्यायचे सूर्यभानने ठरवले आहे. माझे सावेडीचे घर माझ्या पश्चात तिचे एकटीचे. एक किल्ली आजच तिला दिली आहे. माहेर रुसले तरी तिला दार असावे, म्हणजे तिला नाही म्हणता येईल.

४. सूर्यभानला यातून काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो. त्याने घाई करू नये, चहा ठेवला आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, मगच सही करावी.

अहिल्यानगर, ३ फेब्रुवारी २०२६
(सही) कडूबाई आबासाहेब अनारसे

साक्षीदार:
१. (सही) मरिया दानीएल साळवे, शेजारीण, निवृत्त शिक्षिका
२. (सही) सूर्यभान आबासाहेब अनारसे, भाऊ. समदं वाचलं. निकिताची सही घेनार न्हाई. साडी ऱ्हाऊ दे, अक्का.