डोळ्यातला पांढरा ठिपका

मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेला, असं लिहून ठेवतो की उद्या सकाळी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे आणि आज माझं डोकं ठिकाणावर आहे. (एरवीही असतं, बाबांना पटत नाही एवढंच.) मला कोणी दमदाटी केलेली नाही, फूसही लावलेली नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

एक. कॉलेजसाठी घेतलेला ड्रॉइंग बोर्ड धाकट्या बहिणीला. तिने त्यावर यंत्रं काढावीत की राक्षस, यात कोणी नाक खुपसू नये.

दोन. बाबांना काहीही नाही. पाहुण्यांसमोर ते म्हणाले होते, "चिरंजीव इंजिनिअरिंग सोडून पंखवाल्या पाली काढतात." त्या पाली नाहीत.

तीन. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मला चित्रं शिकवणाऱ्या मास्तरांचे ब्रश धुऊन परत करावेत. त्यांना काही द्यावं एवढा मी मोठा नाही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "जे जगात नाही ते काढायचंय? मग जे आहे ते आधी बघून ये."

चार. मास्तरांच्या वर्गात खिडकीशी बसणाऱ्या मुलीबद्दल. माझ्या पहिल्या प्राण्याला चार पाय होते आणि पाठीवर दोन पंख. ती म्हणाली, "हे कशाने चिकटवलेस रे? खळीने?" सगळे हसले. मी कागद टराटरा फाडला. पुढच्या रविवारी ती मला जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. ती तिथे मदत करते. टॉवेलात गुंडाळलेली घार होती. तिने हलकेच पंख उलगडला. "हा खांदा. हे कोपर. हे मनगट." मी माझा हात चाचपला. तेच, त्याच क्रमाने! पंख म्हणजे हातच, आभाळात गेलेला. घारीच्या डोळ्यात अख्खी खिडकी एवढीशी होऊन चमकत होती, आणि ती घार माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर मी वर्षभर एकच प्राणी काढला. घोरपडीची कातडी, घोड्याची छाती, आणि पंखांसाठी पाठीत खांद्यांची दुसरी जोडी. तो उडेल. मास्तरही पंखाचा एकेक सांधा बोटाने मोजून गेले. फक्त डोळ्यातला पांढरा ठिपका राहिलाय. मास्तरांच्या वर्गात तो सर्वांत शेवटी देतात, कारण तो दिला की चित्र आपल्याकडे बघायला लागतं. माझी हिंमत झाली नाही.

पाच. ते चित्र आणि तो ठिपका देण्याचा हक्क तिला. कारण लिहीत नाही. तिला कळतं.

ताजा कलम. वकीलकाका म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. एक सही मास्तर सकाळीच येऊन करून गेले, पण दुसऱ्या साक्षीला मी तिलाच बोलावून बसलो होतो! ती आली, तेव्हा कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "सही केलीस तर ठिपका गेला." तिने सगळं वाचलं. पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"साक्षीला दुसरं कोणी बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे मठ्ठ्या, ठिपका मला हवाय. पण तू शेजारी उभा असशील तरच देईन. आणि तो वाळेपर्यंत हलायचं नाहीस."

दारात थर्मास घेऊन बाबा उभे होते.

"मला काही दिलं नाहीस ना?"

"नाही."

"मग आण इकडे. मला चालतं."

हे लिहितोय तोवर ते चष्मा पुसून दुसरं कलम वाचताहेत. "पाली नाहीत होय?" म्हणाले. "घरी आलास की नीट दाखव."

वरील सर्व मी वाचलं, मला मान्य आहे, आणि उद्या मरायची मला अजिबात इच्छा नाही.

सही: (लिहून देणारा)

साक्षीदार १: मास्तर
साक्षीदार २: लिहून देणाऱ्याचे वडील

ठिकाण: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी